अकरा दगडांची वरची बाजू

पत्र शनिवारी सकाळीच लिहून झालं होतं. दीड पान, काळी शाई, डावीकडे दोन बोटं समास. खाली सहीपुरती जागा कोरी.

सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे लग्न झाल्यापासून, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, त्यांचं प्रत्येक पत्र माईनेच लिहिलं होतं. सर येरझाऱ्या घालत सांगायचे, माई टेबलाशी बसून लिहायची, सर सही करायचे. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि सर चाकांच्या खुर्चीत आले. येरझाऱ्या संपल्या, पण सांगण्याची धार तीच राहिली. शनिवारी मजकूर सांगताना ते एकदाही अडले नाहीत. अडली ती माई, दोनदा. दोन्ही वेळा सरांनी विचारलं, "शाई संपली का?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "हो." शाई संपलेली नव्हती.

पत्र थोरलीविरुद्ध होतं.

थोरली म्हणजे त्यांची मुलगी, वय त्रेचाळीस, बापाच्याच वाटेने गेलेली. ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या खडकांचा अभ्यास हाच तिचाही धंदा. तिने एक शोधनिबंध लिहून एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला होता, आणि संपादकांनी तो मोठ्या आदराने सरांकडेच अभिप्रायासाठी धाडला होता. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. थोरलीची नेमणूक अजून कायम झाली नव्हती. तो निर्णय याच महिन्यात व्हायचा होता आणि तो या एका निबंधावर अडकला होता. म्हणजे दीड पानात मुलीचं सगळं आलं होतं, आणि ते आईच्या हातचं होतं.

रविवारी अकरा वाजता सगळ्यांना बोलावलं ते धाकट्याने, थोरलीच्या भावाने. विमा कंपनीत साहेब असल्यामुळे कुठलीही आपत्ती बैठक घेऊन टाळता येते यावर त्याचा विश्वास होता.

आत्या साडेदहालाच आली. सरांची धाकटी बहीण, पस्तीस वर्षं रुग्णालयात काढलेली, त्यातली शेवटची दहा मेट्रन म्हणून. कुणाच्याही घरात शिरली की आधी खिडक्या उघडायची. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, खुर्चीवरचे दोन दगड उचलले आणि कुठे ठेवावेत म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"या घराची तऱ्हाच न्यारी आहे, वहिनी. माणसाला बसायला जागा नाही आणि दगडांना गाद्या."

"सावकाश, वन्सं. नंबर वर राहू द्या."

"माहीत आहे. माझ्या वॉर्डातल्या पोरींनी रोग्यांना एवढं जपलं असतं तर निम्मे वाचले असते."

दगड घरभर होते. कपाटांत, पलंगांखाली, न्हाणीघराच्या वरच्या फळीवर, जिन्याच्या पायऱ्यांना टेकून. चार हजारांच्या वर. प्रत्येकावर पांढऱ्या तैलरंगाचा रुपयाएवढा ठिपका आणि त्यात काळ्या रंगाने नंबर. सगळे नंबर माईच्या हातचे.

"आत्या, ऐक," धाकटा आवाज उतरवून म्हणाला. "शुक्रवारी विद्यापीठातल्या दालनाचं उद्घाटन आहे. बाबांच्या नावाचं दालन. ते अकरा दगड काचेच्या पेटीत जाणार. ताईला एवढंच सांगायचं, निबंध मागे घे. दोन वर्षांनी छाप. डॉक्टर म्हणालेत, हृदय पाव भागच चालतंय. धक्का नको."

"दोन वर्षांनी दादा नसेल, असं ना?"

"आत्या!"

"अरे, मी मेट्रन होते. आम्ही स्पष्टच बोलतो. आणि काळजी करू नकोस, मी दादाच्याच बाजूने बोलेन. लहानपणी आई म्हणायची, दादा अभ्यास करतोय, गप्प बस. सत्तर वर्षं गप्प बसलेय." तिने माईच्या हातातून कप घेतला. "बरं, वहिनी, माझा ओटा नवा केला. फरशी कुणी बसवली सांगू? आपल्या शिडीने."

माईचा हात किटलीवर थांबला.

शिडी म्हणजे सरांचा विद्यार्थी. त्याची उंची बघून नाव आत्यानेच ठेवलेलं. चार वर्षं तो या घरचाच होता. याच टेबलाशी जेवायचा. थोरलीला हातोडा कसा धरायचा ते त्यानेच दाखवलं. चोवीस वर्षांपूर्वी त्याचा प्रबंध नाकारला गेला, त्यानंतर तो या घरात आला नाही.

"कसा आहे?" माईने विचारलं.

"केस पांढरे झाले. डाव्या हाताची दोन बोटं गेली, कापायच्या यंत्रात. दुकान बरं चाललंय म्हणाला. फरशी बसवण्याआधी उलटी केली आणि मागे खडूने बाण काढला. म्हटलं, अजून सवय सुटली नाही का रे? तर म्हणतो, वरची बाजू कोणती ते आधी ठरवलेलं बरं असतं, बाई." आत्याने चहात फुंकर घातली. "तुझी चौकशी केली. दादाची नाही. तुझी."

माईने फडकं घेतलं आणि ती सरांच्या खोलीकडे गेली. टेबलावर दुमडलेल्या टॉवेलवर ते अकरा दगड मांडले होते, शुक्रवारसाठी पुसून ठेवायचे होते. ते पुसायचं काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे.

सर या धंद्यात शिरले ते विहिरींच्या वाटेने. पहिली नोकरी पाण्याच्या खात्यात. कुठे खणलं तर पाणी लागेल ते सांगायचं. पाणी लागो न लागो, तळातून वर आलेला खडकाचा चुरा ते खिशात भरून घरी आणायचे. पुढे विद्यापीठात गेले आणि मोठ्या घळीतला कडा त्यांना सापडला. तिथे लाव्हाचे नऊ थर एकावर एक बसले आहेत, पानं चिकटलेल्या वहीसारखे. लाव्हा निवताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या काळच्या उत्तरेकडे तोंड करून थिजतात आणि कोट्यवधी वर्षं तसेच राहतात. पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटतं, तेव्हा ते कण उलट दिशेला थिजतात. सरांनी दाखवलं की घळीतले आठ थर सुलटे आहेत आणि मधला पाचवा तेवढा उलटा. म्हणजे पृथ्वीचं चुंबक अगदी थोड्या काळासाठी उलटलं आणि पुन्हा सरळ झालं. पुरावा होता पाचव्या थरातल्या अकरा दगडांचा. अकराच्या अकरा उलटे, एकही फितूर नाही. त्या अकरा दगडांनी सरांना विभागप्रमुख केलं, परदेशी फिरवलं, पाठ्यपुस्तकात अर्धं पान मिळवून दिलं.

त्या अकरा दगडांचं खरं काय झालं होतं ते जगात एकट्या माईला माहीत होतं. निदान चव्वेचाळीस वर्षं तिची तशी समजूत होती.

त्या खेपेला सरांचा मदतनीस आला नव्हता म्हणून माई गेली. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. काम ठरलेलं होतं. दगड कड्यापासून सुटा करण्याआधी सर त्याच्या पूर्वेच्या कुशीला खिळ्याने एक रेघ कोरायचे आणि खडूने वर रोखलेला बाण काढून वरच्या अंगाला नंबर घालायचे. संध्याकाळी मुक्कामावर माईने खडूवरून रंग भरायचा. रंगात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला दगडातली भोकं दाखवली होती. लाव्हा उकळताना त्यातली वाफ वर चढते, म्हणाले, दुधावर फेस येतो तशी. म्हणून थराच्या माथ्याला भोकं. कड्याशी उभं राहून कुणी तिला काही शिकवावं, असं त्याआधी झालं नव्हतं आणि त्यानंतरही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सर पाचव्या थराशी पोचले. माथा हाताला येत नव्हता म्हणून सगळे नमुने तळाशी घेतले. सर गाडी बघायला पुढे गेले. माई ओढा ओलांडत असताना पोत्याचा बंद तुटला आणि पोतं पाण्यात पडलं. मुक्कामावर उघडलं तर खिळ्याच्या रेघा जागच्या जागी होत्या आणि खडू धुऊन गेला होता. पूर्वेची कूस कळत होती. वर कोणतं आणि खाली कोणतं, तेवढं कळत नव्हतं. सर यायला दोन तास होते. त्यांना सांगितलं असतं तर एक दिवस वाया गेला असता, आणि पुढच्या खेपेला तिला नेलं नसतं. मग तिने अकरा दगड स्टोव्हजवळ मांडले, एकेक फिरवून पाहिला. प्रत्येकाला एका अंगाला भोकं होती. भोकांची बाजू वर, ती मनाशी म्हणाली, आणि अकरा बाण रंगवले.

चुकलं होतं हे तिला वीस वर्षांनी कळलं. शिडी दोर लावून पाचव्या थराला लटकला, नवे नमुने घेऊन आला आणि म्हणाला, सर, थर सुलटा आहे. सरांनी तेव्हाही पत्रच सांगितलं होतं. माईने तेव्हाही लिहिलं होतं.

बरोबर अकराला थोरली आली. तिने चपला काढल्या, पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. बसली नाही.

"या," सर म्हणाले. "माझ्या कड्याला चाळीस भोकं पाडून आलात."

"कडा तुमचा नाही, बाबा."

"बरं. नऊ वेळा हात मोडून घेतला त्यावर, त्यामुळे जरा आपला वाटतो."

"दोनदा मोडला," आत्या म्हणाली. "प्लास्टर मीच घातलं होतं."

"ताई, बस ना," धाकटा म्हणाला. "आपण शांतपणे बोलू. तुझं चुकलंय असं कुणी म्हणत नाही—"

"मी म्हणतो," सर म्हणाले.

"बाबा, मी तर दालनातल्या फलकासाठी गेले होते," थोरलीचा आवाज खाली होता, पण सुटा सुटा येत होता. "तुमच्या थराचं नीट वय काढून फलकावर लिहावं म्हणून. यंत्राने चाळीस नमुने काढले. तळापासून माथ्यापर्यंत. एकही उलटा नाही. मी तीन वेळा मोजलं. मला काय हौस होती?"

"यंत्र धरणारा हात कुणाचा होता?"

"माझा."

"मग झालं."

"तुझं म्हणणं काय आहे पोरी," आत्या मधे पडली. "दादाने चव्वेचाळीस वर्षं लोकांना थापा मारल्या?"

"नाही आत्या. काहीतरी चूक झाली असेल. तेवढंच लिहिलंय मी. कुठे झाली ते मला माहीत नाही."

"मग माहीत झाल्यावर छाप!" धाकट्याला वाट सापडल्यासारखं झालं. "ही तर सोपी गोष्ट आहे. दोन वर्षं घे—"

"दोन वर्षं मला कुठे ठेवणार आहेत? या महिन्यात निबंध नसला तर सामान आवरायचं आहे." ती भावाकडे वळली. "आणि तू पत्राचा फोटो काढून संपादकांना पाठवणार आहेस ना आज? बाबा अभिप्राय देणार आहेत हे मला विभागातून कळलं. बापच बघणार म्हणजे निबंध छापून आलाच, म्हणून सगळे पेढे मागत होते."

धाकट्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"थांबा," आत्या म्हणाली. "पत्रात आहे तरी काय? मी बाजू घ्यायला दोन तास बसमध्ये बसून आलेय. कशाची घेते ते तर कळू दे."

सरांनी माईकडे पाहिलंही नाही. "वाच गं."

माईने खणातून पत्र काढलं. चष्मा लावला. तिला वाचायची गरज नव्हती, पण कागद धरायला हाताला काम मिळालं.

"'आपण माझा अभिप्राय मागवलात याबद्दल आभार. लेखिका माझी कन्या असल्याने हे लिहिताना मला क्लेश होत आहेत; परंतु शास्त्रात नातं पाहता येत नाही. निबंधातील मोजमाप नीट असलं तरी नमुने घेण्याची पद्धत भरवशाची नाही. दगडाची वरची आणि खालची बाजू यांत लेखिकेने गल्लत केली असावी. ज्या व्यक्तीला...'"

ती थांबली.

"पुढे," सर म्हणाले.

"मी सांगते पुढे," थोरली म्हणाली. "'ज्या व्यक्तीला वर आणि खाली यांतला फरक कळत नाही, तिच्या हाती स्वतंत्र संशोधन सोपवणं धोक्याचं ठरेल.' हेच ना? शिडीबद्दलच्या पत्रात शब्दन् शब्द हाच होता. त्याने मला दाखवलं होतं, बसथांब्यावर. मी एकोणीस वर्षांची होते. पत्र बाबांचं होतं आणि अक्षर तुझं होतं, आई."

आत्याने इतक्या वेळात पहिल्यांदा कप खाली ठेवला.

"दादा, पोटच्या पोरीबद्दल असं लिहितोस?"

"तू गप्प बस."

"सत्तर वर्षं बसले. आता पुरे."

माईने पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, आणि टेबलावर दगडांशेजारी ठेवली.

"गल्लत मी केली होती," ती म्हणाली.

"कसली गल्लत?" धाकट्याने विचारलं. "आई, पत्रात काही चुकलंय का? नवीन लिही, अजून वेळ आहे."

"पत्रात नाही. या दगडांत." तिने बोटाने दाखवले. "हे अकरा. पोतं ओढ्यात पडलं होतं. खडू धुऊन गेला. वरची बाजू मी अंदाजाने रंगवली. भोकं वर असतात एवढं मला माहीत होतं. यांनीच शिकवलं होतं. मी भोकांची बाजू वर केली."

सर हसले. आवाज न करता, फक्त खांदे हलले.

"हिचं वय झालं. परवा गॅस बंद करायला विसरली. आता चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा ओढा आठवतोय."

"बंद तुटला तो डावीकडचा," माई म्हणाली. "तुम्ही परत आलात तेव्हा रंग ओला होता. तुम्ही विचारलंत, पोतं ओलं कसं? मी म्हटलं, धुतलं. तुम्ही म्हणालात, शाबास."

सरांचे खांदे थांबले.

थोरली आईकडे बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जागेवर येऊन बसलं.

"आई, दगड तळाचे होते?"

"हो. माथा हाताला येत नव्हता."

"तळालाही भोकं असतात गं," थोरली जवळजवळ कुजबुजली. "लाव्हा ओल्या जमिनीवर आला की खालची वाफ आत शिरते. तिच्या नळ्या होतात, काडीएवढ्या. त्या तळालाच असतात. बाबांनी तुला माथ्याची भोकं दाखवली. तळाची दाखवायची राहिली." तिने एक दगड उचलला, पाचव्या थराचा चार नंबरचा, खिशातून भिंग काढलं आणि दगड खिडकीकडे धरला. भिंग तिने पुरतं डोळ्याला लावलंसुद्धा नाही.

"नळी आहे," ती म्हणाली. "दोन नळ्या जुळून एक झालीय. त्या नेहमी वरच्या अंगाला जुळतात. हे..." तिने भिंग मिटलं. "बाबा, हे भिंगाशिवाय दिसतंय. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण हेच शिकवतो. दगड हातात घेतला की आधी नळ्या शोधा."

सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"बाबा, हे दगड चव्वेचाळीस वर्षं तुमच्या टेबलावर आहेत."

"आधी नव्हतं पाहिलं," सर म्हणाले. "आकडे आले होते. अकराच्या अकरा. आकडे आल्यावर दगड कोण बघतं?"

"आणि नंतर?"

ते उत्तर द्यायला लागले तेव्हा आवाज वर्गातला होता, सपाट, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "शिडीने दाखवलं. याच टेबलाशी. हाच दगड, चार नंबर. म्हणाला, सर, नळ्या खालून जुळतायत, असं कसं?"

माईला तो दिवस आठवला. ती दोन कप चहा घेऊन आली होती. दोघंही दगडावर वाकलेले होते आणि बोलत नव्हते. शिडीने तिच्याकडे पाहिलं आणि चहा न घेता उठला. तिला वाटलं होतं, भांडण झालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी तिला पत्र सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"मग काय करायला हवं होतं मी? वीस वर्षं झाली होती. माझ्या एका थरावर दहा देशांतल्या लोकांनी गणितं बांधली होती. एका नळीपायी ते सगळं पाडायचं?" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. "आणि तुझं नाव आलं असतं. रंग तू लावला होतास. मी तुला सांभाळलं."

"माझं नाव?" माईचा आवाज चढला नाही. "माझं नाव होतं कुठे त्यात? निबंधाखाली तर नव्हतं."

धाकटा खुर्चीवर बसला. कुणी सांगितलं नव्हतं, पण बसला. मग त्याने हात लांबवून पत्र घेतलं, दोन्ही पानं सरळ केली आणि बापापुढे ठेवून विचारलं, "बाबा, यावर सही करणार आहात?"

"पेन दे."

"मी देणार नाही. फोटोही मी काढणार नाही." त्याने खिशातला फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. "शुक्रवारचं मी कळवतो सगळ्यांना. प्रकृती बरी नाही म्हणून. ते खोटंही नाही."

"दुसरं पत्र लिहू," थोरली म्हणाली. ती आता बसली होती, दगड मांडीवर घेऊन, आणि तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एकही खूण नव्हती. "बाबा, दोनच ओळी. चूक सापडली म्हणून. लोक मान देतील."

"नाही."

"अहो," माई म्हणाली.

"नाही म्हटलं ना. मी मेल्यावर काय छापायचं ते छापा. माझ्या सहीने नाही." त्यांनी खुर्चीचं चाक हाताने ढकलायचा प्रयत्न केला. ते हललं नाही. "मला आत न्या कुणीतरी."

धाकटा उठला नाही. थोरली अर्धवट उठली. पण माईच पुढे झाली, कारण ते तिचंच काम होतं. तिने खुर्ची वळवली आणि दोन खोल्यांमधल्या अरुंद बोळातून, पायऱ्यांशी रचलेले दगड चुकवत, त्यांना पलंगापाशी नेलं. चाकाला खिट्टी लावली. पायांवर पांघरूण घातलं.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं. या खेपेला वर्गातला आवाज नव्हता.

"तुम्ही परत डोंगरावर नेलं नसतंत."

त्यांनी थोडा विचार केला. विचार करताना ते नेहमी अंगठ्याने तर्जनी चोळत, हातात चुरा असल्यासारखी.

"तसंही नेलं नाही," ते म्हणाले.

"नाही," माई म्हणाली. पुढच्या वर्षी थोरली झाली, मग धाकटा. मदतनीस परत आला होता. तिला दगड घरपोच मिळू लागले.

ती आणखी काही म्हणेल म्हणून ते थांबले. तिने दार ओढून घेतलं.

बाहेर आत्या पिशवी आवरत होती. "एकची बस मिळेल. वहिनी, मी ज्या बाजूने आले होते ती आता मला सापडत नाही. घरी जाऊन शोधते." दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने माईचा हात मनगटाशी धरला, नाडी बघतात तसा, आणि बराच वेळ सोडला नाही. "त्याचं दुकान बसस्थानकाच्या मागे आहे. सकाळी नऊला उघडतो."

तिला पोचवायला धाकटा गेला. थोरलीने दहा दगड टॉवेलमध्ये गुंडाळले. कपाटात ठेवावेत की बाहेर, हे न कळून तिथेच ठेवले.

माईने टेबलाशी बसून कोरा कागद घेतला. डावीकडे दोन बोटं समास सोडला. सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पहिल्या वाक्याला वेळ लागला. दुसऱ्यालाही लागला. पोतं, ओढा, खडू, स्टोव्ह, अकरा. सगळं मिळून नऊ ओळी झाल्या. शेवटी तिने लिहिलं की लेखिकेने वर-खाली यांत गल्लत केलेली नाही, आणि तिच्याआधी ज्याच्यावर हाच ठपका ठेवला गेला त्यानेही केली नव्हती. सहीच्या जागी तिने स्वतःचं नाव घातलं. ते इतक्या वर्षांत फक्त शिधापत्रिकेवर आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आलं होतं. तिला ते थोडं मोठं आलं असं वाटलं, पण खोडलं नाही.

"आई, हे पाठवलंस तर बाबा तुझ्याशी बोलणार नाहीत," थोरली म्हणाली.

"बोलतील. सांगायला दुसरं कोण आहे त्यांना?" माईने चष्मा काढून पुसला. "ते बोलतील गं. मीच किती ऐकेन ते बघायचं."

"शिडीलाही फोटो पाठवू का? माझ्याकडे नंबर आहे."

"नको. फोटो नको. मी जाईन."

"तो काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. चोवीस वर्षं झाली. दोन बोटंही गेली." ती उठली. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, मग पाणी मागितल्याचा. माईने पाणी नेऊन दिलं, पेला रिकामा होईपर्यंत उभी राहिली, परत आली. मग दारामागची कापडी पिशवी काढली, टेबलावर सुटा राहिलेला चार नंबरचा दगड उचलला आणि आत ठेवला. पांढरा ठिपका वर आला होता, तिच्याच हातचा बाण छताकडे रोखलेला. तिने पिशवीत हात घातला, दगड फिरवला आणि भोकांची बाजू खाली केली.